हिरड्याचे पाणी

समीक्षेची भाषा कोणत्या कारखान्यात घडली असावी, असा प्रश्न आम्हाला अधूनमधून पडतो. आम्ही दोघी साहित्याच्या रीतसर अभ्यासक नाही. आमचा व्यवसाय कापडाचा. हातमागावर विणणे, वनस्पतींच्या रंगांत सूत रंगवणे आणि त्यातून भिंतीवर टांगायच्या किंवा अंगावर पांघरायच्या वस्तू तयार करणे, हे आम्ही गेली पंधरा-सोळा वर्षे करत आलो आहोत. वाचनाची सवय मात्र त्याहून जुनी, आणि वाचताना एक गोष्ट आम्हाला नेहमी सुखावत असे. कथेची ‘वीण’ घट्ट असते, कवितेला ‘पोत’ असतो, कादंबरीत अनेक ‘धागे’ असतात, ते एकमेकांत ‘गुंफले’ जातात, त्यातला एखादा लेखकाच्या हातून सुटतो. निबंधाला ‘सूत्र’ असते. युरोपीय भाषांतही वेगळे काही नाही. संहितेसाठी तिकडे जो शब्द वापरतात तो लॅटिनमधल्या विणण्याच्या क्रियापदापासून निघाला आहे. आमच्या मागावरचे शब्द असे विद्यापीठाच्या वर्गात मानाने बसलेले पाहून आम्हाला आमच्या धंद्याचा थोडासा गर्वही वाटे.

पुढे आम्ही कातड्याचे काम शिकायला गेलो आणि लक्षात आले, की चांभाराच्या ऐरणीवरून असा एकही शब्द समीक्षेत आलेला नाही. कातड्याने मराठीला दिले ते ‘कातडीबचाऊ’ आणि ‘गेंड्याची कातडी’. जोड्यांनी दिले ते ‘जोडे उचलणे’, ‘जोडे झिजवणे’, ‘जोडे मारणे’. वहाणेने दिली ती ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण. वहाण हा शब्द संस्कृत ‘उपानह’पासून आलेला, म्हणजे कुळाने चांगला जुना, पण भाषेत त्याची जागा उंबर्‍याबाहेरची. एका धंद्याची परिभाषा सौंदर्यविचारात गेली आणि दुसर्‍याची शिव्याशापांत. या दोन धंद्यांमधले अंतर हाताने काम करताना आम्हाला जसे जाणवले तसे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही राहतो इचलकरंजीत. या गावात १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि त्यानंतर गाव त्याच्याच तालावर वाढले. इथे हातमाग लावून बसणारी माणसे म्हणजे मोटारींच्या रस्त्यावरून बैलगाडी हाकणारी. लोक कौतुकाने वाट देतात आणि पुढे निघून जातात. रंगकामासाठी लागणारा हिरडा आम्ही कोल्हापुरातल्या एका दुकानातून आणत असू. एकदा दुकानदाराने सहज सांगितले, की एवढी पोती भरून हिरडा तो ठेवतो ते काही आमच्यासारख्यांसाठी नव्हे. तो जातो कातडे कमावणार्‍यांकडे. हिरडा आमच्यासाठी कापडाचा होता, आजीच्या बटव्यातला होता, त्रिफळ्यातला होता. तो कातड्याचाही असेल हे कधी मनात आले नव्हते. अशा रीतीने आम्ही हिरड्याच्या मागावर निघालो आणि सुभाषनगरातल्या एका कारागिराच्या दारात जाऊन पोचलो.

हिरड्याचे काम काय, हे आधी सांगायला हवे. सुती धाग्यावर वनस्पतीचा रंग सहजासहजी ठरत नाही. म्हणून कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. आंध्रातल्या कलमकारीत त्या पाण्यात म्हशीचे दूध घालतात, म्हणजे पुढे लेखणीने काढलेली रेघ फुटत नाही. हिरड्यात जे तुरट द्रव्य असते, ज्याला रसायनशास्त्रात टॅनिन म्हणतात, ते धाग्याला धरून बसते. त्यावर तुरटी दिली की तुरटी टॅनिनला धरते, आणि रंग तुरटीला. हिरडा दिलेल्या पिवळट कापडावर गूळ आणि गंजके लोखंड आंबवून केलेले पाणी टेकवले की क्षणार्धात काळेभोर उमटते. नव्या माणसाला ही जादूच वाटते.

कातड्याच्या बाबतीत हेच द्रव्य याहून मोठे काम करते. कच्चे कातडे हे मुळात मांसाचेच भावंड. ओले ठेवले तर कुजते, वाळवले तर पापडासारखे कडक होते. त्याला मीठ लावून टिकवतात, चुन्यात टाकून केस सैल करतात, आतल्या बाजूचे मांस खरवडून काढतात आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात मुरवतात. कोल्हापूरच्या जुन्या पद्धतीत कातड्याची चक्क पिशवी शिवत, ती तिकाटण्याला टांगत, तिच्यात सालीचे पाणी भरत आणि ते हळूहळू पाझरू देत. खाली पडलेले पाणी पुन्हा वर ओतायचे, असे कित्येक दिवस. टॅनिन कातड्यातल्या तंतूंना बांधून टाकते आणि मग ते कुजायचे थांबते. क्रोमियमच्या क्षारांनी हे काम फार झटपट होते, आणि जगातले बहुतेक कातडे आज तसेच कमावले जाते. साल-हिरड्याला मात्र महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. कापडाला जे द्रव्य रंग धरायला शिकवते, तेच कातड्याला टिकायला शिकवते.

इथे एक शब्द आठवला आणि आम्ही दोघी थबकलो. तुरट रसाला संस्कृतात ‘कषाय’ म्हणतात. झाडाची साल उकळून काढलेला काढा तोही कषाय. आणि अशा काढ्यात रंगवलेले वस्त्र ते ‘काषाय’: भिक्षूचे, संन्याशाचे वस्त्र. म्हणजे संन्याशाच्या अंगावरचे पवित्र कापड आणि चांभाराच्या ऐरणीवरचे अपवित्र कातडे ही दोन्ही एकाच पाण्यातून निघालेली. शब्दकोशाने एकाला मठात नेऊन बसवले. दुसर्‍याला गावाबाहेर ठेवण्याचे काम शब्दकोशाचे नव्हते, ते समाजाने केले.

ज्यांच्याकडे आम्ही शिकलो त्यांचे नाव या लेखात येणार नाही. त्याचे कारण पुढे येईल. आम्ही त्यांना मामा म्हणत असू आणि त्यांच्या पत्नीला मामी. ते आम्हाला ‘ताई’ म्हणत, दोघींनाही, त्यामुळे हाक नेमकी कोणाला हे शेवटपर्यंत नजरेवरून ओळखावे लागे. अकरा महिने आठवड्यातून दोन दिवस आम्ही एसटीने जात होतो. पहिल्या भेटीत मामांनी आमचे हात पाहिले, बोटांवरचे निळीचे डाग पाहिले आणि विचारले, “रंगारी का?” आम्ही विणतो असे सांगितल्यावर म्हणाले, “मग बसायची सवय असंल. अर्धं काम तिथंच झालं.”

अर्धे काम खरोखरच तिथे झालेले होते. उरलेले अर्धे मात्र आमच्या सार्‍या सवयींच्या विरुद्ध दिशेने जाणारे. कापड करणारा आपला पट स्वतः निर्माण करतो. ताणा आणि बाणा तो ठरवतो, रुंदी तो ठरवतो, आणि पन्हा एकदा ठरला की शंभर मीटरपर्यंत तोच राहतो. कातडे आधीच होऊन आलेले असते. त्याला पन्हा नाही, काठ नाही, सरळ उभी-आडवी दिशा नाही. पाठीकडचा भाग घट्ट आणि भरीव, पोटाकडचा सैल आणि ताणणारा, मानेकडे सुरकुत्या. तळ कापायचा तो पाठीतून. मामा अंगठ्याने कातडे दाबत पुढे सरकत आणि मधेच थांबत: इथे गोचीड चावलेली, इथे काटेरी तारेचा ओरखडा, इथे मानेवर जुवाचा घट्टा. जनावर आयुष्यभर कसे जगले याची नोंद त्याच्या कातड्यावर असते, आणि चांभाराला ती वाचून मगच रापी चालवावी लागते. वाचनाची इतकी कसून शिस्त आम्ही फार कमी ठिकाणी पाहिली आहे.

जुवाचा घट्टा असलेली कातडी आता मामांकडे क्वचितच दिसतात. महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला, आणि तेव्हापासून बैलाचे कातडे मिळणे अवघड झाले. तळासाठी आता मुख्यतः म्हशीचे कातडे, वेणीसाठी बकर्‍याचे. मामांनी या विषयावर आमच्याशी कधी राजकारण केले नाही. जुने कातडे आणि नवे कातडे शेजारी ठेवून ते फक्त वाकवून दाखवत.

टाक्याचेही तसेच. कापडात सुई जाते तेव्हा धागे बाजूला सरतात. सुई काढली, टाका उसवला, थोडे पाणी शिंपडून हाताने चोळले की छिद्र मिटते. कापड विसरू शकते. कातडे काही विसरत नाही. म्हणून तिथे छिद्र पाडण्याचे आणि शिवण्याचे काम वेगवेगळे: आधी आरीने भोक, मग त्यातून वादी. आरी टेकवण्याआधी मामा जागा पाहत, नखाने खूण करत, पुन्हा पाहत. पहिले दोन महिने आम्हाला आरी दिलीच गेली नाही. ओल्या कातड्याच्या तुकड्यांवर नखाने समान अंतरावर खुणा करायच्या, एवढाच अभ्यास. भाषा शिकवणार्‍यांनी या पद्धतीचा विचार करायला हरकत नाही: लिहिण्याआधी दोन महिने केवळ विरामचिन्हांच्या जागा.

पण आम्हाला खरा धक्का दिला तो वादीने. कोल्हापुरी चपलेचे तळाचे थर खिळ्यांनी जोडत नाहीत. चांगल्या कामात कातड्याच्याच बारीक वादीने शिवतात. ही लांबलचक वादी येते कुठून? मामांनी हाताच्या तळव्याएवढा एक गोल तुकडा घेतला, रापीने कडेला एक छेद दिला आणि तुकडा फिरवत फिरवत आतल्या आत चकलीसारखे कापत गेले. बघता बघता त्या चकतीची दोन-तीन हात लांब दोरी झाली. आम्ही आयुष्यभर धाग्यापासून पट केला. इथे एक माणूस आमच्यासमोर पटापासून धागा करत होता. ‘धागा आधी, वस्त्र नंतर’ हा क्रम आम्ही निसर्गनियमासारखा धरून चाललो होतो; तो केवळ आमच्या धंद्याचा क्रम होता.

चपलेचे भाग आम्ही नावांनिशी शिकलो, आणि ती नावेही शरीराचीच निघाली. तळ, टाच, अंगठा, कान, वेणी. दोन्ही बाजूंना तळाच्या थरांत अडकवलेल्या पाळ्या म्हणजे कान. त्यांना जोडून वरून जातो तो पट्टा. पट्ट्यावर बसते ती वेणी. कोल्हापुरीच्या प्रकारांत कापशी आहे, ती कागल तालुक्यातल्या गावाच्या नावाची. कुरुंदवाडी आहे, तीही गावाचीच. प्रत्येक नमुन्याला गाव आहे, कर्त्याला नाव नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासकांना ही व्यवस्था परिचित वाटेल.

वेणीचे काम मामींचे. या धंद्यात कापणे, ठोकणे, तळ शिवणे ही पुरुषांची कामे आणि वेणी घालणे, बारीक नक्षी करणे ही बहुधा बायकांची, घरात बसून, स्वयंपाक आणि मुले सांभाळत करायची. मामी बकर्‍याच्या कातड्याच्या सुतासारख्या पट्ट्या पायाच्या अंगठ्यात अडकवत आणि बोलता बोलता, न पाहता, वेणी पुढे नेत. आम्ही विणकर, गुंफणीचे सगळे प्रकार आम्हाला ठाऊक, निदान तसा आमचा समज. मामींच्या वेणीतली एक चाल आम्ही कागदावर उतरवायला घेतली, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “लिवून काय करायचं ताई? बोटाला सांगा.” बोटाला सांगायला आम्हाला तीन आठवडे लागले. बाजारात चप्पल विकली जाते ती मुख्यतः त्या वेणीच्या देखणेपणावर, आणि धंद्यात मामींचे काम मोजले जाते ते ‘मदत’ म्हणून. मागावरही हेच असते. कांड्या भरणारी, ताणा लावायला मदत करणारी बाई विणकरांच्या मोजणीत येत नाही. दोन धंद्यांतले हे साम्य मात्र आम्हाला शोधावे लागले नाही.

आता एक प्रसंग सांगायला हवा. आमची रंगकामाची जागा एका इमारतीच्या तळमजल्यावर भाड्याने होती. तिथे आम्ही सहा वर्षे हिरडा उकळत होतो. वास सबंध जिन्यात पसरे, आणि वरची मंडळी येता-जाता ‘कसा आयुर्वेदिक वास येतो’ असे म्हणत. मामांकडून आणलेले कमावलेले कातडे आम्ही त्याच जागेत ठेवू लागलो, त्याच हिरड्याच्या पाण्याचा हात त्याला देऊ लागलो, तेव्हा तिसर्‍या आठवड्यात मालकांनी बोलावले. वास सहन होत नाही, म्हणाले. आम्ही समजावले, की कातडे कमावलेले आहे, कच्चे नाही. वास येतो तो हिरड्याचाच, पूर्वीचाच. ते शांतपणे म्हणाले, “तो कापडाचा हिरडा होता.” यात त्यांचा आवाज चढला नाही, भाषा सभ्य होती, आणि नंतर चहाही झाला. महिन्याभरात आम्ही जागा बदलली.

आमच्या घरांतही सगळे सरळ नव्हते. आमच्यापैकी एकीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग. दुसरीच्या घरात चार पिढ्यांत लेखणीखेरीज कोणी काही उचललेले नाही. पहिल्या घरी विचारले गेले, की माग असताना हे कशाला. दुसर्‍या घरी काही विचारले गेले नाही. फक्त आम्ही आलो की पाण्याची बादली मोरीत आधीच भरून ठेवलेली असे. आम्ही तिचा वापर केला, कारण हात खरोखरच काळे असत. ओल्या, सालीत मुरलेल्या कातड्याला लोखंडी हत्यार लागले की कापडावर होते तेच इथेही होते: टॅनिन आणि लोखंड मिळून काळे. तो डाग साबणाने जात नाही, लिंबाने जातो. रसायनशास्त्राला जात नसते, पण बादलीला असते.

इथे कबीर आणि रोहिदास आठवणे अपरिहार्य आहे. परंपरा दोघांना काशीचे आणि समकालीन मानते. एक विणकर, दुसरा चर्मकार. दोघांनी आपला धंदा आपल्या वाणीत आणला. पण लोकस्मृतीने त्या धंद्यांना दिलेली वागणूक पाहा. कबिराची चादर हे देहाचे रूपक झाले आणि ती थेट शास्त्रीय गायनाच्या मैफलीत पोचली. रोहिदासांबाबत सर्वाधिक सांगितली जाते ती कथा कठवतीची: कातडे भिजवायच्या कठवतीत गंगा प्रकट झाली. म्हणजे कातड्याच्या पाण्याला मान मिळाला तो त्यात गंगा आल्यावर. चादर जशी आहे तशी रूपक होऊ शकली. कठवतीला चमत्काराची गरज पडली.

कर्नाटकातली हरळय्याची कथा याहून अस्वस्थ करणारी आहे. बाराव्या शतकातल्या कल्याणचा हा चर्मकार शरण. त्याच्या नमस्काराला बसवण्णांनी दुप्पट नमस्काराने उत्तर दिले, ते ऋण फेडण्यासाठी हरळय्या आणि त्याच्या पत्नीने आपल्या मांड्यांचे कातडे काढून बसवण्णांसाठी पादत्राणे केली, असे परंपरा सांगते. पुढे हरळय्याच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झाला आणि बिज्जळ राजाने दोन्ही बापांना मृत्युदंड दिला. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘माझ्या कातड्याचे जोडे करून घातले तरी तुमचे उपकार फिटणार नाहीत’. बोलणार्‍याला त्यात अतिशयोक्ती दिसते. मामांच्या घरात मात्र हरळय्याची तसबीर आहे, आणि त्या घरात ही अतिशयोक्ती नाही, ती इतिहासाची एक ओळ आहे. अलंकाराची व्याख्या कोणत्या घरात बसून करतो त्यावर अलंकार ठरतो, असे तेव्हा वाटून गेले.

आधुनिक काळातला दाखला गांधींचा. चरख्याचे गांधी सर्वांना ठाऊक. पण चरख्याच्या कितीतरी आधी त्यांच्या हातात आरी आली होती. १९१० साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्म सुरू झाले. तिथले त्यांचे सहकारी कॅलनबाख मारियनहिलच्या ट्रॅपिस्ट मठात जाऊन चपला करायला शिकून आले आणि त्यांनी ती विद्या गांधींना व इतरांना दिली. गांधींनी तुरुंगात केलेला एक जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला. स्मट्स यांनी तो कित्येक उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्ये, गांधींच्या सत्तरीच्या निमित्ताने, परत पाठवला. पुढे भारतात राष्ट्रीय चळवळीच्या ध्वजावर चरखा आला. चप्पल कोणत्याही ध्वजावर आली नाही, आणि येईल अशी कल्पनादेखील कोणाला सुचली नसावी. सूत कातणे हे सवर्ण घराच्या ओसरीवर बसून करता येण्याजोगे श्रम होते, कातडे कमावणे नव्हते. श्रमप्रतिष्ठा हा शब्द आपण एकवचनी वापरतो. प्रत्यक्षात श्रमांना वेगवेगळ्या प्रतिष्ठा असतात.

हे सारे आमच्या बाबतीत कुठे येऊन टेकले, ते आता सांगतो. अकरा महिन्यांनंतर आम्ही काही वस्तू केल्या: हातमागावरच्या पट्ट्या आणि कातड्याच्या वाद्या एकत्र गुंफलेले पट, आणि मामांबरोबर केलेले चपलांचे सात जोड, ज्यांच्या पट्ट्यात आमचे विणलेले सूत होते. प्रदर्शन ठरले. आयोजकांनी माहितीपत्रकाचा मसुदा पाठवला, त्यात आम्ही ‘कलाकार’ होतो आणि मामा-मामी ‘स्थानिक कारागीर’. आम्ही लगेच कळवले, की दोघांची संपूर्ण नावे आमच्या नावांच्या बरोबरीने यायला हवीत. आयोजकांनी मान्यही केले. मग ती बातमी घेऊन आम्ही मामांकडे गेलो.

मामांनी ऐकून घेतले. हातातला तळ ठोकून पुरा केला. मग म्हणाले, “नाव नको ओ ताई. आमच्या आडनावातच सगळं कळतंय लोकास्नी. कोल्हापुरी म्हणा, बास झालं.” त्यांची नात पुण्यात शिकते, वसतिगृहात राहते. मैत्रिणींना ती कोल्हापूरची आहे एवढेच माहीत आहे, आणि तिला ते तेवढेच राहू द्यायचे आहे. मामींनी वेणीवरची नजर न काढता एवढीच भर घातली, “तुमचं नाव टाकलं तर तुमाला शाबासकी. आमचं टाकलं तर तिला प्रश्न.”

हा लेख लिहिण्याचे खरे कारण ते वाक्य आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन प्रदर्शनात प्रादा या कंपनीने कोल्हापुरीसारख्याच चपला मांडल्या, तेव्हा उगमाचा उल्लेख नव्हता. आपल्याकडे संताप उसळला, कंपनीने नंतर भारतीय हस्तकलेचे ऋण मान्य केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चर्मोद्योग महामंडळांशी तिचा करारही झाला. त्या काळात आम्हीही इतरांसारखे ‘श्रेय द्या, नाव घ्या’ असे म्हणत होतो, आणि कंपनीच्या संदर्भात आजही म्हणू. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. हा निर्देशांक भूमीचे नाव देतो, व्यक्तीचे देत नाही. कायद्याच्या दृष्टीने ही त्याची मर्यादा मानता येईल. मामांच्या दृष्टीने मात्र तीच त्याची सोय आहे. ‘कोल्हापुरी’ या शब्दाआड उभे राहता येते.

कर्त्याचे नाव हा आपल्या आधुनिक कलाविचाराचा पाया आहे. अनामिकता म्हणजे अन्याय, आणि नाव देणे म्हणजे न्याय, असे समीकरण आम्ही शिकलो आणि शिकवलेही. या समीकरणात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: नाव उच्चारल्याने माणसाची किंमत वाढेल. ज्या समाजात आडनाव ऐकून पाण्याची बादली भरली जाते, तिथे हे गृहीतक सर्वांना सारखे लागू होत नाही. माधव कोंडविलकरांचे ‘मुक्काम पोस्ट : देवाचे गोठणे’ (१९७९) ज्यांनी वर्गात शिकवले असेल, त्यांना हे नवे वाटणार नाही. शिक्षकाच्या नोकरीत असलेल्या चर्मकार तरुणाचे ते आत्मकथन आपल्या नावासह, गावासह लिहिले गेले. त्या नावाची किंमत काय पडली असेल याचा विचार आम्ही ते पुस्तक प्रथम वाचताना केला नव्हता. दलित आत्मकथनांमध्ये नाव घेऊन उभे राहणे हे धाडस होते, आणि धाडस मागून मिळत नसते. आमच्या माहितीपत्रकासाठी मामांनी ते करावे, असे सांगणार्‍या आम्ही कोण?

याचा अर्थ ‘स्थानिक कारागीर’ ठीक होते असाही नाही. त्या दोन शब्दांनी मामांना नकार देण्याची संधीही दिली नव्हती. शेवटी पत्रकात आम्ही आमचीही नावे घातली नाहीत. प्रत्येक वस्तूखाली कामे लिहिली आणि ती किती हातांनी केली ते लिहिले: कातडे कमावणे, तळ कापणे, वादी काढणे, तळ शिवणे, सूत रंगवणे, विणणे, वेणी. विक्रीतून आलेले पैसे त्याच हिशेबाने वाटले, आणि वेणीचा हिस्सा मामींच्या हातात वेगळा दिला. मामा त्यावर काही बोलले नाहीत. मामींनी पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि कमरेला लावले. हा काही आदर्श तोडगा नव्हे. नावाशिवायच्या भिंतीवर ‘हे कोणाचे’ असे प्रेक्षक विचारत राहिले, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. आमची स्वतःची नावे गाळणे आम्हाला परवडले, कारण ती दुसर्‍या दिवशी पुन्हा लावता येण्यासारखी आहेत. कातड्याच्या कामात आम्ही स्वखुशीने शिरलो आणि वाटेल तेव्हा बाहेर पडू शकतो. मामांच्या नातीला बाहेर पडण्यासाठी एक शहर आणि एक मौन लागले.

समीक्षेच्या भाषेपासून सुरुवात केली होती, तर एक शब्द तिच्या अभ्यासकांसाठी ठेवून जातो. ‘पुस्तक’ हा शब्द मूळ इराणी ‘पोस्त’ म्हणजे कातडे या शब्दापासून संस्कृतात आला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तसे असेल, तर ज्याच्या वीणेची आणि पोताची आपण तास-तासभर चर्चा करतो, त्याच्या नावातच एक कमावलेले कातडे गुपचूप बसलेले आहे. त्याला तिथे आणणार्‍याचे नाव अर्थातच नोंदलेले नाही. वेणी, वादी, कान, तळ हे शब्द समीक्षेत यायला अजून वेळ लागेल. आरी टेकवण्याआधी जागा नीट पाहून घेण्याची रीत मात्र आजच घेण्यासारखी आहे, विशेषतः जेव्हा आपण दुसर्‍याच्या आयुष्यावर लिहायला बसतो.